थायरॉइड प्रोफाइल: टाइप १ मधुमेहींच्या कामाचे त्यात किती?

लॅबच्या यादीत ‘थायरॉइड प्रोफाइल’ नावाचे जे पॅकेज असते, त्यात बहुधा तीनच आकडे मिळतात: टी-३, टी-४ (हे थायरॉइडचे दोन हॉर्मोन) आणि टीएसएच. टाइप १ मधुमेह असलेल्याने ते घ्यावे का? आमचे मत आधीच सांगून टाकतो. त्यातला टीएसएच घ्यावा, उरलेले दोन बहुतेक वेळा सोडून द्यावेत आणि पॅकेजमध्ये नसलेली अँटी-टीपीओ या, थायरॉइडवर उलटलेल्या अँटीबॉडीची तपासणी एकदा करून घ्यावी. परीक्षण खरे तर इथेच संपले असते. पण तपासणी चुकीची निवडली म्हणून होणारा घोळ त्या मानाने थोडा असतो. जास्त घोळ होतो तो रक्त कधी दिले, त्या आठवड्यात कुठल्या गोळ्या पोटात होत्या आणि रिपोर्ट आल्यावर इन्सुलिनचे काय केले, यात.

टाइप १ हा स्वप्रतिकार आजार. ज्या प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर हल्ला केला ती तेवढ्यावर थांबेलच असे नाही, आणि तिचे पुढचे लक्ष्य सर्वांत जास्त वेळा थायरॉइडच असते. टाइप १ असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण १७ ते ३० जणांना स्वप्रतिकार थायरॉइड विकार गाठतो. स्त्रियांत तो अधिक दिसतो, वयाबरोबर वाढतो. प्रौढ वयात हळूहळू सुरू होणारा ‘लाडा’ हा प्रकारही याच घरातला. ज्यांना आधी टाइप २ समजून गोळ्यांवर ठेवले होते आणि नंतर जीएडी अँटीबॉडी (बीटा पेशींवरच्या हल्ल्याची खूण) सापडल्या, त्यांनीही हे सगळे आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे.

लक्षणांची वाट बघत बसणे हा या बाबतीत वाईट मार्ग. थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, मंद पडलेले मन, यातले काहीही झाले तरी दोष साखरेवर जातो. उलट बाजूला, म्हणजे थायरॉइड जोरात चालू लागला की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. ही तर साखर उतरल्याचीच लक्षणे! माणूस भराभर ग्लुकोज खातो आणि मग मीटरवर आकडा २५० बघून चक्रावतो. म्हणून शरीराच्या आधी साखरेच्या नोंदी वाचाव्यात. थायरॉइड मंदावला की आतड्यातून ग्लुकोज सावकाश शोषले जाते, यकृत साखर कमी सोडते आणि टोचलेले इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते. परिणामी जेवण तेच, डोस तोच, तरी पहाटे साखर घसरू लागते आणि बेसल, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा डोस दर पंधरवड्याला उतरवावा लागतो. थायरॉइड जोरात असेल तर तिन्ही गोष्टी उलट होतात. डोस वाढवत नेला तरी साखर हाताला लागत नाही आणि कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होण्याचा, धोका वाढतो. मुलांमध्ये आणखी एक खूण असते: उंचीचा आलेख सपाट होऊ लागतो.

आता पॅकेजमधले एकेक आकडे.

टीएसएच हा खरा कामाचा माणूस. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला जो हुकूम सोडते तो म्हणजे टीएसएच. थायरॉइड जरासा ढिला पडला तरी हुकमाचा आवाज आधी चढतो, टी-४ खाली यायला बराच वेळ लागतो. प्रौढांत साधारण ०.४ ते ४.० ही नेहमीची मर्यादा मानतात, पण प्रत्येक लॅबची पट्टी थोडी वेगळी असते आणि उतारवयात वरची मर्यादा आपोआप सरकते. पिट्युटरीचाच आजार असेल तर मात्र टीएसएच फसवतो, तिथे फ्री टी-४ सोबत हवाच.

टोटल टी-४ बद्दल आमची तक्रार आहे. रक्तातला जवळजवळ सगळा टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतो आणि टोटल आकडा त्या प्रथिनांबरोबर वरखाली होतो. गर्भारपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना ही प्रथिने वाढतात, टोटल टी-४ चढतो आणि आजार काहीच नसतो. फ्री टी-४ मागावा, आणि तोही टीएसएच बिघडलेला निघाला तरच. बऱ्याच लॅब त्याच नमुन्यावर ही पुढची तपासणी आपोआप लावतात. ती सोय असेल तर पॅकेजपेक्षा हाच सौदा चांगला.

टी-३ म्हणजे पॅकेज भरल्यासारखे दिसावे म्हणून घातलेला आकडा. मंद थायरॉइडमध्ये शरीर उरलेल्या टी-४ मधून टी-३ काटकसरीने बनवत राहते, त्यामुळे आजार पुढे जाईपर्यंत तो नॉर्मलच दिसतो. टीएसएच अगदी तळाला गेला असेल, म्हणजे ग्रंथी जोरात असल्याचा संशय असेल, तेव्हा मात्र टी-३ ला अर्थ आहे, कारण काहींमध्ये तो एकटाच वाढलेला असतो.

अँटी-टीपीओ ही पॅकेजमधली सर्वांत खटकणारी उणीव. हाशिमोटो थायरॉइडायटिस, म्हणजे थायरॉइड मंदावणारा स्वप्रतिकार दाह, असलेल्या बहुतेकांत ही अँटीबॉडी सापडते आणि टीएसएच बिघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी सापडू शकते. टाइप १ मध्ये तिचा उपयोग उपचार ठरवायला नाही, वेळापत्रक ठरवायला आहे. निगेटिव्ह असेल आणि टीएसएच ठीक असेल तर पुढचा टीएसएच एक ते दोन वर्षांनी चालतो. पॉझिटिव्ह असेल तर वर्षाला एकदा, आणि साखर विनाकारण बिघडली, गळ्याला सूज दिसली किंवा मुलाची वाढ मंदावली तर लगेच. एकदा पॉझिटिव्ह आली की ती दर वर्षी मोजण्यात काही हशील नाही. ३०० चे ६०० झाले म्हणून गोळी वाढत नाही, ६०० चे ३०० झाले म्हणून आजार बरा होत नाही. शिवाय पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

काउंटरवर एक गोष्ट नीट उच्चारून सांगावी: ‘थायरोग्लोब्युलिन’ आणि ‘अँटी-थायरोग्लोब्युलिन’ या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिली थायरॉइडच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पाठपुराव्यासाठी, दुसरी अँटीबॉडी. बिलावर ‘अँटी’ हा शब्द आहे ना हे बघूनच पैसे द्यावेत. ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या महागड्या पॅकेजमध्ये रिव्हर्स टी-३ वगैरे घालून यादी लांबवलेली असते. एक ना धड, भाराभर चिंध्या. गळ्याची सोनोग्राफीही त्यात जोडलेली असते. हाताला गाठ लागत नसेल, गळा वाढलेला नसेल तर ती नको.

रक्त कधी द्यावे यावर जरा थांबायला हवे, कारण चांगल्यातला चांगला टीएसएच इथे वाया जातो. टाइप १ नुकताच निदान झाला असेल, त्यातून कीटोॲसिडोसिस होऊन रुग्णालयात दाखल असाल, तर त्या दिवसांतला थायरॉइडचा रिपोर्ट भरवशाचा नसतो. जड आजारात शरीर टी-४ चे टी-३ करणे आवरते घेते. टी-३ पडतो, कधी टी-४ ही पडतो, टीएसएच आधी दबतो आणि बरे होताना काही काळ वर उसळतो. त्या उसळीत रक्त घेतले तर नसलेल्या आजाराची गोळी आयुष्यभरासाठी चिकटू शकते. साखर ताब्यात येऊन काही आठवडे गेले की तपासणी करावी, आणि दाखल असताना केलेली बिघडलेली निघाली असेल तर पुन्हा करावी.

दुसरी गोष्ट उपाशीपोटाची. थायरॉइडबरोबर इतर तपासण्याही घेतल्या तर सूचनेत १० ते १२ तास उपाशी या असे लिहिलेले असते. ती अट सोबतच्या ग्लुकोज आणि कोलेस्टेरॉलसाठी आहे, थायरॉइडसाठी नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने केवळ टीएसएचसाठी रांगेत उपाशी बसण्याचे कारण नाही. त्या तपासण्याही घ्यायच्याच असतील तर पहिला नंबर लावावा, बेसल इन्सुलिन चुकवू नये, जेवणाचे इन्सुलिन जेवणाच्या वेळेपर्यंत घेऊ नये, ग्लुकोज खिशात असावे आणि साखर ७० च्या खाली गेली तर तपासणी गेली खड्ड्यात, आधी खावे. वेळेबाबत एवढेच बघावे की दर वेळी साधारण त्याच प्रहरी रक्त द्यायचे. टीएसएच रात्री उशिरा सर्वाधिक असतो आणि दुपारपर्यंत उतरतो. एकदा सकाळी ८ ला आणि पुढच्या वेळी दुपारी ३ ला रक्त दिले तर त्या दोन आकड्यांची तुलना करून निष्कर्ष काढू नयेत.

तिसरी, आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट: बायोटिन हे जीवनसत्त्व. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असते, शरीराची रोजची गरज मात्र ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बऱ्याच यंत्रांमध्ये नमुना पकडायला बायोटिनचाच चिमटा वापरलेला असतो. रक्तात बायोटिनचा सुकाळ झाला की चिमटा त्यानेच भरतो. टीएसएचच्या पद्धतीत आकडा खोटा खाली येतो आणि फ्री टी-४ च्या पद्धतीत खोटा वर जातो. दोन्ही मिळून रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हज आजारासारखा, म्हणजे थायरॉइड जोरात चालवणाऱ्या स्वप्रतिकार आजारासारखा दिसतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, डोस फार मोठा असेल तर जास्त दिवस. फॉर्मवर हा प्रश्न विचारणारी लॅब भेटली तर तिला आमच्याकडून एक तारा जादा.

थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्यावी. गोळीनंतर काही तास फ्री टी-४ उगाच चढलेला दिसतो. टीएसएच मात्र एका गोळीने हलत नाही.

घरी बोटाला टोचून एक थेंब टाकायचा आणि रेष बघायची, असे टीएसएच किट मिळते. टाइप १ साठी आम्ही त्याला नापास करतो. अशी बहुतेक किट टीएसएच ५ च्या वर आहे की नाही एवढेच सांगतात. ५.२ की ५०, कळत नाही. टीएसएच शून्याला टेकलेला असेल तरी रेष ‘ठीक आहे’ असेच म्हणते, म्हणजे जोरात चालणारा थायरॉइड सरळ निसटतो.

रिपोर्टवर लाल बाण आला म्हणजे लगेच गोळी, असे नाही. टीएसएच १० च्या आत, फ्री टी-४ नॉर्मल आणि तक्रार काही नाही, अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणे हा शहाणपणाचा मार्ग, कारण पुष्कळदा आकडा आपणहून खाली येतो. सतत १० च्या वर असेल, फ्री टी-४ घसरला असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर चित्र बदलते. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या टाइप १ रुग्णात पारडे उपचाराकडे जरा लवकर झुकते, हे आम्हाला पटते.

गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, थोडक्यात थायरॉक्सिन. उत्पादन म्हणून ती उत्तम आहे. शरीरातल्या टी-४ सारखाच रेणू, रक्तात तो निम्मा व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. ग्रंथी पूर्ण बंद असेल तर प्रौढांत वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर २५ पासून सुरुवात. लांबलेल्या मधुमेहात हृदयाचा त्रास मुका असू शकतो, म्हणून इथे घाई नको. डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी बघायचा. दोन आठवड्यांत बघणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

तिचे दोष तिच्या नखऱ्यात आहेत. पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटे आधी. नाहीतर रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या काही औषधांपासून चार तास दूर. कॉफीनेही शोषण घटते. टाइप १ वाल्याची अडचण अशी की पहाटे साखर ६० असेल तर गोळीसाठी तासभर थांबता येत नाही. अशा वेळी आधी ग्लुकोज, गोळीचे नंतर बघू. असे वारंवार होत असेल तर गोळी रात्रीवर नेणे सोपे. गोळ्या दमट जागी ठेवू नयेत, पाकिटातून आधीच सोलून डबीत भरून ठेवू नयेत. कंपनी बदलली तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा.

गोळी सुरू झाल्यावर इन्सुलिनचा हिशोब हलतो, आणि हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले असते. थायरॉइड मंद असताना बेसल उतरवलेले असते. टी-४ भरून येऊ लागला की काही आठवड्यांत गरज वर चढते. आधी उपाशीपोटीची साखर वाढते, मग दिवसभराची. बेसल साधारण १० टक्क्यांच्या पायरीने, डॉक्टरांशी बोलून वाढवावे. ग्रेव्हजवर कार्बिमाझोल हे थायरॉइड आवरणारे औषध सुरू असेल तर उलटा प्रवास: ग्रंथी शांत होत जाते तसे इन्सुलिन कमी करावे लागते, नाहीतर साखर कोसळते. सोबत धडधड कमी करणारे प्रोप्रानोलॉल असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र राहतो, त्यावर लक्ष ठेवावे. कार्बिमाझोलवर असताना ताप आणि घसा दुखणे एकत्र आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्यात.

त्याच रक्तात मोजलेल्या इतर आकड्यांवरही थायरॉइडची सावली पडते. मंद थायरॉइडमध्ये लाल पेशी जास्त काळ टिकतात आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. क्रिएटिनिन चढते, एलडीएल कोलेस्टेरॉलही चढते. टीएसएच ४० असताना आलेले क्रिएटिनिन बघून मधुमेहाने मूत्रपिंड गेले असा निष्कर्ष काढू नये. दोन-तीन महिने थायरॉइड ताळ्यावर आणून मग मोजावे, लघवीतला अल्ब्युमिनही सोबत बघावा.

पॅकेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ते असे. टाइप १ आणि थायरॉइड यांच्या जोडीला तिसरा स्वप्रतिकार आजार असू शकतो, आणि त्यातला ॲडिसन्स, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार, सर्वांत धोक्याचा. ॲड्रिनल ग्रंथी आटलेल्या असताना थायरॉक्सिन सुरू केले तर शरीरातले उरलेसुरले कॉर्टिसॉल (या ग्रंथींचा जीवनावश्यक हॉर्मोन) झपाट्याने खर्च होते आणि माणूस ॲड्रिनल क्रायसिसमध्ये, म्हणजे जिवावरच्या संकटात जाऊ शकतो. वजन घटतेय, कातडी आणि हिरड्या काळवंडल्यात, उठताना चक्कर येते, सोडियम कमी आहे, इन्सुलिनची गरज सारखी घटतेय, यातले काही दिसले तर थायरॉक्सिनच्या पहिल्या गोळीआधी सकाळी ८ वाजताचे कॉर्टिसॉल बघून घ्यावे. इन्सुलिनची घटती गरज दोन्ही आजारांत सामाईक, पण मंद थायरॉइडमध्ये वजन बहुधा वाढते, ॲडिसन्समध्ये घटते.

थायरॉक्सिनचा डोस वजनाच्या हिशोबाच्या बराच पुढे गेला तरी टीएसएच खाली येत नसेल, आणि गोळी खरोखर नेमाने घेतली जात असेल, तर दोष गोळीला देण्याआधी पोट तपासावे. सीलिॲक आजारात, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडे बिघडते तेव्हा, शोषण बिघडते. त्यासाठी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए ही अँटीबॉडी (आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार) आणि त्यासोबत एकूण आयजीए हवे, नाहीतर आयजीएच मुळात कमी असलेल्यांत रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. जठराचा स्वप्रतिकार दाह असेल तर आम्ल कमी पडते, गोळी नीट विरघळत नाही, बी१२ आणि लोहही घसरलेले सापडते.

गर्भारपणात हे वेळापत्रक मोडून टाकावे लागते. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांना लगेच कळवावे. नेहमीची पद्धत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि निम्मे गर्भारपण सरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर टाइप १ असलेल्या स्त्रियांत थायरॉइडायटिसचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट असते. दाहाने साठवलेला हॉर्मोन आधी गळतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत थायरॉइड जोरात असल्यासारखा रिपोर्ट येतो आणि मग तो मंदावतो. गळतीच्या काळात कार्बिमाझोलचा उपयोग नसतो, कारण ग्रंथी जास्त बनवतच नसते. ग्रेव्हज की गळती, हे टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडीने कळते. साखरेचे वरखाली होणे, झोप नसणे, केस गळणे, सगळे बाळावर आणि जागरणावर ढकलले जाते. त्यामुळे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याचा टीएसएच बाळाच्या लसीच्या कार्डावरच लिहून ठेवलेला बरा. आणि हो, केसांसाठी कुणी बायोटिन दिले असेल तर ते दोन दिवस आधी बंद.